बिल एकच, बोंबील दोन

मुंबईत मासळीसाठी नावाजलेल्या कुठल्याही महागड्या हॉटेलबद्दल चार जणांना विचारा. (रेस्टॉरंटला आपण हॉटेलच म्हणतो, इथेही तेच चालू ठेवू.) दोघं म्हणतील, असे बोंबील आयुष्यात खाल्ले नाहीत. उरलेले दोघं म्हणतील, बोंबील लिबलिबीत होते, पाऊण तास ताटकळत ठेवलं आणि वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला. चौघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं. आपण मात्र ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय मिटवतो आणि हॉटेलवाल्याला आयती सुटका देतो. आवडीनिवडीचा भाग असतो, पण थोडा. बहुतेक वेळा त्या चौघांच्या ताटात खरोखरच दोन वेगळे पदार्थ आलेले असतात. ते वेगळे का झाले, हे आतल्या घड्याळाकडे पाहून सांगता येतं.

बोंबलाचंच घ्या. या माशाच्या अंगात मांसापेक्षा पाणीच जास्त. डोकं आणि पर काढायचे, पोट साफ करून उभी चीर द्यायची, मासा पुस्तकासारखा उघडायचा आणि वर वजन ठेवून पाणी काढायचं. घरी त्यावर पाटा ठेवतात. हॉटेलात बोंबील ट्रेमध्ये फडक्यावर मांडतात, वर दुसरा ट्रे आणि त्यावर तेलाचा भरलेला डबा. निदान एक तास, तोही फ्रीजमध्ये. मग मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण, लिंबू. तळायच्या क्षणी रवा आणि तांदळाचं पीठ. आधीच घोळवून ठेवलं तर रवा पाणी पितो आणि कुरकुरीतपणा तिथेच संपतो.

संध्याकाळी पाच वाजता चाळीस प्लेटांचे बोंबील दाबून ठेवलेत असं धरा. मंगळवारी त्यातले बावीस जातात. शनिवारी सव्वानऊलाच चाळीसही संपतात. दुसरी खेप घाईघाईने साफ होते आणि डब्याखाली जेमतेम पंधरा मिनिटं राहते. आत राहिलेलं पाणी तेलात पडताच फुटतं, तेलाचा ताव उतरतो, रवा बाहेरून तांबूस होतो आणि आत मासा उकडल्यासारखा राहतो. प्लेट टेबलावर येईपर्यंत खाली पाण्याचा डाग पडलेला. मसाला तोच, आचारी तोच, मेनूवरचा आकडाही तोच. आठ वाजता बसलेल्याने जे खाल्लं ते दहा वाजता बसलेल्याला मिळालंच नाही.

तंदूरचा हिशेब याहून सरळ आहे. समजा ऐंशी खुर्च्या आहेत आणि शनिवारी पावणेनऊ ते सव्वानऊ या अर्ध्या तासात सत्तर माणसं आली. चार-चारची धरली तर सतरा-अठरा टेबलं. टेबलामागे तीन स्टार्टर म्हटलं तरी पन्नासच्या वर प्लेटा, त्यातल्या निम्म्या तंदूरच्या. एका तंदूरमध्ये एका वेळी आठ-दहा सळया नीट राहतात. जास्त कोंबल्या तर तुकडे एकमेकांना टेकतात आणि टेकलेली बाजू फिकी राहते. टिक्क्याला आठ-दहा मिनिटं लागतात, अख्ख्या पापलेटाला दहा-बारा. म्हणजे पंचवीस प्लेटांच्या तीन खेपा, मधली उचलठेव धरून पस्तीस ते चाळीस मिनिटं. फ्रीजमधून काढलेली गार सळई दर खेपेला तंदूरचा ताव खाते. जागेअभावी रोटीचा तंदूर वेगळा नसेल तर भिंत पुरेशी तापत नाही, नान खालून पांढरा राहतो किंवा सुटून निखाऱ्यावर पडतो. आठ वाजता आलेल्या टेबलाला स्टार्टर पंधरा मिनिटांत मिळतो, नऊ वाजून दहाला आलेल्याला पाऊण तासाने.

आणि मग ती नेहमीची तक्रार: ‘स्टार्टर आणि जेवण एकदमच आणून आदळलं.’ लोकांना वाटतं, टेबल लवकर रिकामं करायचा डाव आहे. कधी असतोही. पण बऱ्याचदा कारण साधं असतं. रस्सा आणि ग्रेव्ह्यांचं मूळ वाटण सकाळीच तयार झालेलं असतं, ऑर्डर आली की कढईत पाच-सहा मिनिटांचं काम. तंदूर तुंबलेला असतो, शेगडी मोकळी असते. कॅप्टनने, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरने, सगळी ऑर्डर एकाच केओटीवर (किचनला जाणाऱ्या चिठ्ठीवर) मारली, जेवणाचे पदार्थ ‘होल्ड’वर ठेवले नाहीत, तर शेगडीवाला आपलं काम वेळेत करून मोकळा होतो आणि मटणाचा रस्सा टिक्क्याच्या आधी पासवर, म्हणजे तयार प्लेटा ठेवायच्या ओट्यावर, येऊन बसतो. गरम अन्न साठ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही हा नियम, म्हणून ते ऊब देणाऱ्या दिव्याखाली ठेवतात. तिथे रस्सा तग धरतो, तळलेला पदार्थ धरत नाही. स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो.

ताटाचीही गंमत आहे. काळ्या दगडाची पाटी किंवा जाड मातीची बशी फोटोत देखणी दिसते, पण गरम करून न आणलेली अशी जड बशी कबाबाची ऊब दोन मिनिटांत शोषून घेते. त्यातलं एक मिनिट आपणच फोटो काढण्यात घालवतो, ही गोष्ट वेगळी. जुन्या गिरणीत किंवा बंगल्यात थाटलेल्या हॉटेलांत किचन एका मजल्यावर आणि निम्मी टेबलं दुसऱ्यावर असतात. जिन्याच्या वरच्या टोकाला बसलेल्याला कोमट जेवण मिळतं, तेव्हा त्यात चवीच्या मतभेदाचा प्रश्न नसतो.

हे सगळं हॉटेलवाल्यांना कळत नाही असं मुळीच नाही. उपायही जुना आहे: दर पंधरा मिनिटांना ठरावीक माणसंच बसवायची. ऐंशी खुर्च्यांच्या हॉटेलाने पाव तासाला पंधरा-सोळांच्या वर माणसं घेतली नाहीत तर तंदूर तुंबत नाही. पण मग नऊच्या ठोक्याला आलेल्या वीस जणांना बारजवळ उभं करावं लागतं, त्यातले आठ शेजारच्या हॉटेलात जातात. लोअर परळ किंवा बीकेसीत भाडं महिन्याचं असतं, शनिवारच्या दोन तासांचं नाही. आठवड्याच्या कमाईचा मोठा घास मात्र शुक्रवार-शनिवारच्या त्याच दोन-दोन तासांत मिळतो. शिवाय आपण शहरी लोक साडेसातला जेवायला बाहेर पडत नाही. सगळ्यांना नऊ वाजताच भूक लागते. म्हणून हॉटेलवाला सगळ्यांना आत घेतो. त्याने तुम्हाला खुर्ची दिलेली असते, तंदूरमधली जागा दिलेली नसते. या व्यवहारात लबाडी आहे ती इथे.

त्यात घरपोच ऑर्डरींची भर. तोच तंदूर, तोच पास, फक्त बाजूला एक टॅब ठेवलेला. रायडर उभा राहिला की ॲपवर वेळ मोजली जाते आणि मानांकनाला धक्का बसतो. टेबलावरचं गिऱ्हाईक काही वेळ मोजत बसत नाही, म्हणून मागे पडतं ते टेबल. डोळ्यांसमोर पिशव्या बाहेर जाताना पाहत लोक पाणी पीत बसतात. शुक्रवार-शनिवारी आठ ते दहा या वेळात घरपोच बंद ठेवणारी हॉटेलं आहेत. ती थोडं उत्पन्न सोडतात आणि नाव राखतात.

उलट गिरगाव-दादरची खाणावळ बघा. बारा वाजता जेवलात काय किंवा दोन वाजता काय, ताटात फारसा फरक नाही. तिथले आचारी जास्त हुशार असतात असं नाही. एकच ताट, चार-पाच पदार्थ, मोठ्या पातेल्यात एकदम केलेले, आणि संपलं की ‘संपलं’ अशी पाटी. दुसऱ्या टोकाला ‘मास्क’सारखी जागा आहे, महालक्ष्मीच्या शक्ती मिल्स गल्लीत २०१६ साली सुरू झालेली. तिथे जेवणाचा क्रम हॉटेलच ठरवतं, म्हणून कुठला पदार्थ किती लागणार हे आधीच ठाऊक असतं. खाणावळ आणि अशी जागा यांच्या दरांत जमीन-अस्मानाचं अंतर असलं तरी दोघांची युक्ती एकच आहे: निवड कमी ठेवायची. गोची होते ती मधल्यांची. सत्तर पदार्थांचा मेनू, ऐंशी खुर्च्या, एक किचन आणि हजार रुपयांची प्लेट. खाणावळीतले बोंबील एखाद्या दिवशी बिघडले तर कुणी हळहळत नाही. हजार रुपयांतले सातशे माणूस चवीसाठी देत नसतो, ‘आज बिघडणार नाही’ या भरवशासाठी देत असतो. तो भरवसा न देता त्याची किंमत घेणं, हा या धंद्यातला खरा सार्वजनिक प्रश्न आहे.

आपल्याकडे मात्र सार्वजनिक चर्चा झाली ती जवळजवळ सगळी सर्व्हिस चार्जवर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावाने घालायचा नाही, सक्ती करायची नाही, तो न देणाऱ्याला दारातून परत पाठवायचं नाही आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलचालकांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. शेवटी २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सूचना योग्य ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगितले. तरीही बिलाच्या तळाशी ‘स्टाफ कॉन्ट्रिब्युशन’सारखी गोंडस ओळ कधीमधी दिसतेच. दिसली तर ती काढायला सांगायची. न ऐकल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आकडेमोड एकदा करून बघा. जेवण ४,००० रुपयांचं. दहा टक्के सर्व्हिस चार्ज ४००, त्यावर मिळून पाच टक्के जीएसटी २२०. बिल ४,६२०. सर्व्हिस चार्ज नसता तर ४,२००. खोल्यांचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या तारांकित हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल तर जीएसटी १८ टक्के, म्हणजे तेच जेवण चार्जशिवायच ४,७२० ला. मद्य जीएसटीत येत नाही. महाराष्ट्रात परमिट रूममधल्या मद्यावर १ नोव्हेंबर २०२३ पासून दहा टक्के व्हॅट आहे. मेनूवरचा आकडा आणि हातात पडलेलं बिल यांच्यात एवढी अंतरं असतात की ‘महाग वाटलं’ आणि ‘पैसे वसूल’ ही दोन मतं पुष्कळदा जेवणाबद्दल नसतातच, बिलाबद्दल असतात. ॲपवरून पंचवीस टक्के सवलत घेऊन बसलेला आणि थेट येऊन पूर्ण पैसे मोजलेला, हे दोघं शेजारच्या टेबलांवर असतात.

सर्व्हिस चार्जच्या बाजूने हॉटेलवाल्यांचा एक मुद्दा मात्र दमदार आहे आणि तो उडवून लावू नये. रोख टिप मिळते ती कॅप्टनला आणि वेटरला. बोंबील साफ करणारा, भांडी घासणारा, वाटण करणारा यांना गिऱ्हाईक पाहतही नाही. जिथे सर्व्हिस चार्ज गोळा करून पॉइंट पद्धतीने, म्हणजे कामानुसार ठरलेल्या हिश्श्यांनी, वाटतात, तिथे भांडी घासणाऱ्यालाही अर्धा-पाऊण पॉइंट मिळतो. ब्रेक शिफ्ट करणाऱ्या माणसाला, म्हणजे अकरा ते साडेतीन आणि पुन्हा सहा ते बंद होईपर्यंत, मध्ये घरी जाण्याइतका वेळ नाही आणि रात्री शेवटची लोकल गाठायची धडपड, त्या पैशाचं मोल आहे. पण वाटप कसं झालं हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, बऱ्याच ठिकाणी नोकरांनाही दिसत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे ही रक्कम चांगल्या रात्रीही तेवढीच आणि फसलेल्या रात्रीही तेवढीच. तंदूर तुंबला म्हणून मालकाचं काही अडत नाही. उलट जितकी टेबलं जास्त तितके दहा-दहा टक्के जास्त. म्हणून हा चार्ज जायला हवा. खिशातले चारशे रुपये वाचतील हे कारण दुय्यम.

मग पगार कुठून द्यायचा? मेनूच्या दरातून. आठशेची प्लेट आठशे ऐंशीला करा आणि तसं छापा. प्राधिकरणाच्या सूचनाही याच धर्तीवर आहेत, पदार्थाच्या किमतीत सेवा आलीच असं त्या मानतात. हे सोपं नाही, हे मान्य. न्यूयॉर्कमध्ये हॉटेलवाले डॅनी मेयर यांच्या युनियन स्क्वेअर हॉस्पिटॅलिटी ग्रुपने २०१५ साली टिप बंद करून सगळं दरात धरायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये तो प्रयोग मागे घेतला. गिऱ्हाईक शेवटच्या बिलाची तुलना करत नाही, मेनूवरच्या दरांची करतं, आणि एकटाच दर वाढवणारा उघडा पडतो. पण तिथे टिप हा वेटरच्या कमाईचा मोठा हिस्सा आहे, आपल्याकडे प्रश्न दहा टक्क्यांचा आहे. आणि इथे नियम सगळ्यांना सारखाच लागू असल्यामुळे एकट्याने उघडं पडण्याची भीतीही कमी.

आता मासळीच्या दराचं. मेनूवर पापलेट, सुरमई, खेकडा, लॉब्स्टर यांच्यापुढे ‘एपीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे आकारानुसार. ही सोय वाजवी आहे, कारण तीनशे ग्रॅमचं पापलेट आणि पाचशेचं यांचा बाजारातला किलोचा भावही वेगळा असतो. मोठ्याला वजन जास्त आणि वर दरही जास्त. पण वजन आणि दर न विचारता होकार दिला तर भांडण बिलावर होतं, आणि तिथे मासा पुरावा म्हणून उरलेला नसतो. ऑर्डर देताना तीन गोष्टी विचाराव्यात: मासा कच्चा किती ग्रॅमचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि एकूण रुपये किती. चांगला कॅप्टन न विचारता ट्रेमधून मासा आणून दाखवतो.

पावसाळ्यात आणखी सांभाळून. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पारंपरिक छोट्या होड्या जातात, पण त्यांच्यावर मुंबईतली सगळी हॉटेलं चालत नाहीत. पापलेट-सुरमई शीतगृहातून किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून येते. गोठवलेला मासा वाईटच असतो असं नाही. रात्रभर फ्रीजमध्ये हळू सुटलेला मासा रश्श्यात बरा लागतो. घाईत नळाखाली सोडलेला मासा तव्यावर पाणी सोडतो आणि त्याचे धागे होतात. मेनू मात्र बारा महिने ‘आजची ताजी मासळी’ म्हणत असतो. कित्येक वर्षी गटारी नेमकी याच बंदीच्या काळात किंवा तिला लागून येते: गर्दी वर्षातली सगळ्यात मोठी आणि मासळी सगळ्यात कमी. त्या आठवड्यातली मतं वाचून कुठल्याही मासळीच्या हॉटेलला नापास करू नये, आणि श्रावणातल्या निवांत बुधवारच्या मतांवरून पास तर अजिबात करू नये.

मतं वाचायचीही एक रीत आहे. सरासरी ३.९ हा आकडा काहीच सांगत नाही. सगळ्यांनी चार दिले तरी तो साधारण तेवढाच येतो आणि निम्म्यांनी पाच, बाकीच्यांनी दोन-तीन दिले तरी तेवढाच. पहिलं हॉटेल साधं पण भरवशाचं, दुसरं शनिवारी कोसळणारं. वार, वेळ, किती जण होते आणि काय मागवलं, हे चार तपशील नसलेलं मत, मग ते कौतुकाचं असो की शिव्यांचं, वाचूनही काही कळत नाही. लिहिताना आपणही एवढं लिहावं. तक्रार करायची तर दोन घासांतच करावी. तीन चतुर्थांश संपलेली प्लेट परत पाठवली तर कॅप्टन हसून हो म्हणतो, पण आत कुणी मनावर घेत नाही. ऑर्डर देताना ‘जेवण आम्ही सांगू तेव्हाच लावा’ एवढं एक वाक्य म्हटलं तरी निम्मा गोंधळ टळतो. आणि बुकिंग नऊऐवजी पावणेआठचं करता आलं तर उरलेलाही.

पण ही गिऱ्हाइकाची सावधगिरी झाली. हजार रुपये प्लेटचे घेणाऱ्याने गिऱ्हाइकावर हुशारीची जबाबदारी टाकू नये. त्याच्याकडून खरं तर फार थोडं हवं आहे. शनिवारी सव्वानऊला दाबलेले बोंबील संपले, तर कॅप्टनने टेबलाशी येऊन सांगावं, ‘बोंबील संपले साहेब, नवे दाबायला टाकलेत, तासभर लागेल. मांदेली आहेत, त्या लगेच तळून देतो.’ पन्नासातले चाळीस जण मांदेली घेतील. उरलेले दहा कुरकुरतील, पण पाण्यात बसलेला बोंबील खाऊन घरी जाणार नाहीत.